संगणकाचे व्यसन व आत्मसंयम : निग्रहाचा प्रश्न की व्यवस्थेचा?

१. विषयप्रवेश

मुळशी हे नाव निघताच महाराष्ट्रातील अभ्यासकाला प्रथम १९२१ च्या सत्याग्रहाचे स्मरण होते. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या भातजमिनी वाचविण्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी तो लढा दिला. त्यास यश आले नाही. धरण झाले, पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्यास उतरले आणि त्यापासून निघालेली वीज मुंबईस गेली. पौड हे ठाणे असलेल्या या तालुक्याचे आजचे चित्र मात्र दोन टोकांचे आहे. पश्चिमेस ताम्हिणी घाट, मुळशीचा जलाशय, धो धो पाऊस आणि आंबेमोहोर भाताची खाचरे. पूर्वेस हिंजवडी, माण व मारुंजी या गावांच्या शिवारात पसरलेले राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या या वसाहतीत जे काम चालते त्याचे साधन, माध्यम आणि फलित ही तिन्ही संगणकाच्या पडद्यावरच असतात.

आठवडाअखेरीस या पूर्वेकडील टोकाचा माणूस पश्चिमेकडील टोकाकडे जाताना दिसतो. जलाशयाच्या काठी विश्रामस्थाने झाली आहेत, आणि त्यांपैकी काही ठिकाणी मोबाइल बाजूला ठेवून राहण्याच्या सोयीची जाहिरातही केली जाते. दोन दिवस मोबाइलपासून सुटका व्हावी म्हणून मनुष्य पैसे मोजण्यास सिद्ध होतो, ही घटना विचार करण्याजोगी आहे. ज्या वस्तूची कळ स्वतःच्या हाती आहे ती बंद करण्यासाठी त्याला डोंगराआड का जावे लागते? आणि सोमवारी सकाळी तो परत आला म्हणजे पुढे काय होते?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सोपे आहे. मनुष्याची इच्छाशक्ती दुबळी झाली, तरुण पिढीला संयम उरला नाही, असे ते उत्तर होय. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी करावयाची आहे. दैनंदिन जीवनातील संगणक व मोबाइल यांच्याबाबतीत आत्मसंयम हा मोहाच्या क्षणी दाखवावयाच्या मनोबलाचा प्रश्न थोडा आणि मोह उत्पन्न होण्यापूर्वी करून ठेवावयाच्या व्यवस्थेचा प्रश्न अधिक आहे; शिवाय ही व्यवस्था एकट्याने केली तर टिकत नाही, ती इतरांच्या सहभागानेच टिकते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. 'व्यसन' या संज्ञेची व्याप्ती

संगणकाच्या संदर्भात 'व्यसन' हा शब्द योजावा की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. दारू, अफू, तंबाखू यांत काही द्रव्य शरीरात जाते. पडद्याकडे पाहणाऱ्याच्या शरीरात काहीच जात नाही, मग त्यास व्यसन कसे म्हणावे, अशी शंका घेतली जाते. आपल्या परंपरेपुरते पाहिल्यास या शंकेला फारसा आधार नाही. 'व्यसन' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात व्यसनांचा विचार केला असून कामज व्यसनांत मृगया, द्यूत, स्त्रिया व मद्यपान यांची गणना केली आहे. या चारांपैकी मद्यपान सोडले तर इतरांत कोणतेही द्रव्य पोटात जात नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात तर जुगाऱ्याची मनःस्थिती फार स्पष्टपणे आली आहे. आपला नाश त्याला दिसतो, पुन्हा खेळावयाचे नाही असा निश्चयही तो करतो; परंतु फाशांचा आवाज कानी पडताच त्याची पावले तिकडे वळतात. निश्चयाचा अभाव हे त्याचे दुःख नव्हे. आवाजापुढे निश्चय टिकत नाही, हे त्याचे दुःख होय. पुढील विवेचनात हा आवाज लक्षात ठेवावयास हवा.

आधुनिक काळात या विषयाला शास्त्रीय चर्चेत आणले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी. इंटरनेटच्या अतिरेकी वापराची तुलना त्यांनी १९९६ मध्ये जुगाराच्या व्यसनाशी केली. १९९५ मध्ये ब्रिटनचे मार्क ग्रिफिथ्स यांनी 'तंत्रवैज्ञानिक व्यसने' ही कल्पना मांडली होती. तथापि वैद्यकाने या कल्पनेचा स्वीकार फार सावधपणे केला आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानसंहितेत केवळ इंटरनेटवरील खेळांचा विकार आला, आणि तोही अधिक अभ्यासाची आवश्यकता असलेल्या अवस्थांच्या यादीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणास २०१९ मध्ये मान्यता मिळाली व १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. त्यात खेळविकाराला स्वतंत्र स्थान आहे. परंतु 'संगणकाचे व्यसन' किंवा 'समाजमाध्यमांचे व्यसन' असे निदान त्यातही नाही.

या वर्गीकरणातील लक्षणे पाहण्यासारखी आहेत. खेळण्यावरील ताबा सुटणे. जीवनातील इतर गोष्टींपेक्षा खेळास उत्तरोत्तर अग्रक्रम मिळणे. दुष्परिणाम दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. आणि या सर्वांमुळे कुटुंब, शिक्षण, व्यवसाय यांत लक्षणीय हानी होणे. ही अवस्था सामान्यतः किमान बारा महिने दिसून यावी अशी अपेक्षा आहे. या लक्षणांत तासांचा उल्लेख कोठेही नाही. हिंजवडीतील अभियंता दिवसातील दहा तास पडद्यापुढे बसतो, एवढ्यावरून तो व्यसनी ठरत नाही. आणि तीनच तास खेळणारा विद्यार्थी परीक्षा, झोप व जेवण यांना मुकत असेल तर तो चिंतेचा विषय ठरू शकतो. म्हणजे मोजावयाचे ते वेळेचे परिमाण नव्हे, ताब्याचे होय.

यावरून दोन वर्ग वेगळे करता येतात. पहिला वर्ग संख्येने लहान आहे. त्याला उपचारांची गरज असते. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी जे स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू केले, ते मुख्यतः अशांसाठी. दुसरा वर्ग अफाट आहे. तो रोगी नाही. परंतु जेवढा वेळ द्यावा असे त्याला स्वतःला वाटते त्याहून अधिक वेळ तो रोज पडद्यास देतो आणि त्याबद्दल हळहळतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा वर्ग आहे.

३. सवय जडण्याची प्रक्रिया

या दुसऱ्या वर्गातील मनुष्याचा ताबा का सुटतो, हे समजण्यासाठी वर्तनवादी मानसशास्त्रातील एका जुन्या निष्कर्षाकडे वळावे लागते. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बक्षिसाच्या निरनिराळ्या क्रमांचा वर्तनावर होणारा परिणाम तपशिलाने नोंदविला आहे. कळ दाबल्यावर दरवेळी दाणा मिळतो असे झाले, तर दाणा बंद होताच प्राण्याचे कळ दाबणे लवकरच थांबते. परंतु दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, कधी दोन वेळा दाबल्यावर, कधी वीस वेळा दाबल्यावर तो मिळत असेल, तर कळ दाबण्याचा वेग वाढतो आणि दाणा बंद झाल्यावरही ते वर्तन दीर्घकाळ टिकते. जुगाराच्या यंत्राचे आकर्षण याच तत्त्वावर उभे आहे. मोबाइल उघडणाऱ्याच्या बाबतीतही हेच घडते. दहा वेळा पाहिले तर नऊ वेळा काही विशेष नसते. दहाव्या वेळी मित्राचा निरोप असतो, कोणी केलेली प्रशंसा असते किंवा एखादी खळबळजनक वार्ता असते. केव्हा काय असेल हे ठाऊक नसणे, हेच पुनःपुन्हा पाहण्याचे कारण होय.

दुसरी गोष्ट समाप्तीची. वृत्तपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकाला प्रकरणाचा शेवट असतो, आकाशवाणीची सभा ठरल्या वेळी संपत असे. या समाप्तीच्या खुणा वाचकाला थांबण्याची आठवण करून देत. त्यासाठी वेगळ्या मनोनिग्रहाची गरज पडत नसे. २००६ मध्ये अझा रास्किन या रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची कल्पना प्रत्यक्षात आणली. वाचक खाली सरकत जाईल तसतसा नवा मजकूर आपोआप पुढे येत राहील, अशी ती सोय होती. पुढे एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोयही रूढ झाली. अशा रीतीने थांबण्याची खूण नाहीशी झाली आणि थांबण्याचा सर्व भार पाहणाऱ्याच्या मनावर येऊन पडला.

तिसरी गोष्ट आर्थिक आहे. माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मीळ होते, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता. बहुतेक समाजमाध्यमे वापरणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. त्याचे लक्ष जाहिरातदाराला विकून ती उत्पन्न मिळवितात. त्यामुळे मनुष्य पडद्यापुढे अधिक काळ थांबावा, यात त्यांचे प्रत्यक्ष हित असते. एका बाजूस एकटा थकलेला मनुष्य आणि दुसऱ्या बाजूस त्याला थांबवून धरण्याच्या युक्ती रोज तपासून सुधारणारी कुशल माणसांची यंत्रणा, असा हा सामना आहे. तो केवळ इच्छाशक्तीच्या बळावर जिंकावा असे सांगणे हे शास्त्रीय दृष्ट्या भाबडेपणाचे आहे.

४. निग्रहाच्या कल्पनेची परीक्षा

इच्छाशक्तीसंबंधीचे मानसशास्त्रीय संशोधनही गेल्या काही वर्षांत फार बदलले आहे. १९९८ मध्ये रॉय बॉमायस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मत मांडले की, संयमाची शक्ती ही एखाद्या साठ्यासारखी असून एका ठिकाणी ती खर्च केली की दुसऱ्या ठिकाणी अपुरी पडते. ताजी बिस्किटे समोर असताना मुळ्यावर समाधान मानावे लागलेली माणसे पुढील अवघड कोडे लवकर सोडून देतात, हा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. परंतु २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर या कल्पनेची फेरतपासणी केली तेव्हा अपेक्षित परिणाम जवळजवळ शून्य आढळला. तेव्हा संयमाचा साठा ही कल्पना आता निर्विवाद मानता येत नाही.

याहून महत्त्वाचे निरीक्षण २०१२ मध्ये विल्हेल्म हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे केलेल्या पाहणीत मिळते. २०५ प्रौढांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा, या क्षणी कोणती इच्छा मनात आहे व तिला विरोध चालू आहे काय, असे विचारण्यात आले. माध्यमे पाहण्याच्या इच्छेला केलेला विरोध इतर अनेक इच्छांच्या तुलनेत अधिक वेळा फसत असल्याचे त्यात दिसले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ज्यांचा आत्मसंयम मोठा म्हणून ओळखला जातो अशा व्यक्तींनी मोहाशी अधिक झुंज दिली नव्हती. उलट त्यांच्या वाट्याला असे संघर्षाचे प्रसंगच कमी आले होते. संयमी मनुष्य लढाईत शूर असतो असे नव्हे. तो लढाईचा प्रसंग टाळून चालतो.

वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्ड येथील बालकांवरील प्रयोगांचाही नीट वाचल्यास हाच आशय आहे. आता एक मिठाई घ्यावी की थोडे थांबून दोन घ्याव्यात, असा पर्याय बालकांपुढे ठेवण्यात आला होता. त्यावरून पुढील आयुष्याचे भाकीत करता येते, ही समजूत लोकप्रिय झाली. २०१८ च्या मोठ्या फेरतपासणीत ती बरीच सौम्य ठरली. पण थांबू शकलेली बालके काय करीत होती, हे निरीक्षण त्याहून मोलाचे आहे. ती मिठाईकडे टक लावून दात-ओठ खात बसली नव्हती. कोणी डोळे झाकले, कोणी पाठ फिरविली, कोणी गाणे म्हटले. मिठाई झाकून ठेवली असता बालके अधिक वेळ थांबू शकली. झाकण हे इच्छाशक्तीचे काम करते, असाच याचा अर्थ घ्यावयास हवा.

५. वर्ज्यता आणि मितता

येथे एक गंभीर अडचण उपस्थित होते. मद्य व मादक द्रव्ये यांच्या बाबतीत व्यसनमुक्तीचे प्रस्थापित तत्त्व पूर्ण वर्ज्यतेचे आहे. १९८६ पासून पुण्यात कार्य करीत असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने हे तत्त्व महाराष्ट्राच्या परिचयाचे केले. पहिला घोट टाळणे हाच तेथे संयमाचा पाया मानला जातो. मद्याविना जीवन पूर्ण असू शकते, म्हणून हे तत्त्व तेथे योग्य ठरते. संगणकाची गोष्ट तशी नाही. हिंजवडीतील अभियंत्याला संगणक वर्ज्य करणे म्हणजे उपजीविका वर्ज्य करणे होय. त्याच रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या वाहनचालकाला आणि घरोघर जेवणाचे डबे पोचविणाऱ्या तरुणाला पुढचे काम मोबाइलवरच कळते. विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम, शेतकऱ्याचा बाजारभाव, बँकेचा व्यवहार, सारे याच पडद्यावर आले आहे. तेव्हा या व्यसनाची तुलना मद्याशी करण्यापेक्षा आहाराशी करणे अधिक युक्त होय. आहार सोडता येत नाही. तो मित ठेवावा लागतो. आणि वर्ज्यतेपेक्षा मितता अधिक कठीण असते, कारण वर्ज्यतेची रेषा एकदाच आखावी लागते, मिततेची रेषा रोज.

जलाशयाकाठच्या दोन दिवसांचे मूल्य या दृष्टीने ठरवावे. ते वर्ज्यतेचे दोन दिवस आहेत. त्यांतून विश्रांती मिळते हे खरे. परंतु मिततेचा अभ्यास होत नाही, कारण ज्या परिस्थितीत मितता पाळावयाची ती परिस्थितीच तेथे नसते. शिवाय हा उपाय ज्याला खर्च परवडतो त्याच्यापुरताच आहे. ज्याचा मोबाइल दोन दिवस बंद राहिला तर दोन दिवसांची मजुरी बुडेल, त्याला हा उपाय सांगता येत नाही.

मिततेसाठी वैयक्तिक व्यवस्था कशी करावी, याचे काही नियम उपरोक्त संशोधनातून निघतात. त्यांतील पहिला आवाज बंद करण्याचा. अक्षसूक्तातील जुगाऱ्याप्रमाणेच आजच्या मनुष्याचा निश्चय सूचनेच्या ध्वनीपुढे ढळतो. तो ध्वनीच काढून टाकला तर निश्चयाची परीक्षा टळते. दुसरा अंतराचा. मोबाइल रात्री उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ वापरणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट मिठाईवरील झाकणाचे काम करते. तिसरा पूर्वनिश्चित कृतीचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, 'मी कमी पाहीन' अशा मोघम संकल्पापेक्षा 'जेवणाचे ताट वाढले की मी मोबाइल कपाटात ठेवीन' असा प्रसंग व कृती यांना जोडणारा संकल्प अधिक फलदायी होतो.

तथापि या सर्व वैयक्तिक व्यवस्थांत एक उणीव आहे. जो बांधतो तोच सोडू शकतो. वेळेची मर्यादा मोबाइलमध्येच घालता येते, पण ती ओलांडण्याची कळही त्याच पडद्यावर असते. शिवाय एकट्याने मोबाइल बंद केला तर जग पुढे जात राहते. गटातील संभाषणातून आपण वगळले जाऊ, वरिष्ठाचा निरोप चुकेल, ही भीती त्याला पुन्हा पडद्याकडे ओढते. म्हणून व्यवस्थेला इतरांचा आधार लागतो.

६. मोहित्यांचे वडगाव : सामूहिक संयमाचे एक उदाहरण

असा आधार निर्माण करण्याचा महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित प्रयत्न मुळशीपासून दूर, सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी झाला. सुमारे तीन हजार वस्तीचे हे शेतकरी गाव. साथीच्या काळात शाळा बंद पडून अभ्यास मोबाइलवर आला. शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी मुलांच्या हातातील मोबाइल सुटला नाही आणि मोठी माणसे दूरदर्शन संचापुढून उठेनात, अशी तक्रार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातील स्त्रियांची सभा भरली आणि निर्णय झाला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि दीड तास घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहावेत, असे ठरले. हा वेळ मुलांचा अभ्यास, वाचन व आपसांतील संभाषण यांसाठी. प्रारंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजाविले.

या योजनेची रचना उपरोक्त विवेचनाच्या प्रकाशात पाहिली असता तिचे मर्म ध्यानात येते. पहिले, वेळ ठराविक आहे. आज बंद करावे की न करावे याचा विचार रोज नव्याने करावा लागत नाही. दुसरे, न संपणाऱ्या पानाने हिरावून घेतलेली समाप्तीची खूण भोंग्याने परत दिली आहे. ज्याप्रमाणे फाशांचा आवाज जुगाऱ्याला बोलावतो त्याप्रमाणे हा आवाज थांबावयास सांगतो. तिसरे, बंदी अल्पकाळाची आहे; ती मिततेची व्यवस्था आहे, वर्ज्यतेची नव्हे. चौथे, सोडलेल्या वेळात काय करावयाचे ते आधीच ठरलेले आहे. आणि पाचवे व सर्वांत महत्त्वाचे, ती सर्वांना एकाच वेळी लागू आहे. शेजाऱ्याचाही मोबाइल बंद असल्याने काही चुकेल ही भीती उरत नाही, आणि बाप स्वतः दूरदर्शन पाहत मुलाला अभ्यासास बसवितो, हा दुटप्पीपणाही उरत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने वेगळा मार्ग घेतला. अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलच वापरू देऊ नये, असा ठराव तिने केला. हेतू एकच असला तरी दोन्ही ठरावांचे तत्त्व भिन्न आहे. बान्सीच्या ठरावात नियम एका वयोगटापुरता आहे आणि तो करणारे त्याच्या बाहेर आहेत; वडगावच्या ठरावात नियम करणारेही नियमाखाली येतात. आत्मसंयम ही संज्ञा काटेकोरपणे वापरावयाची तर ती दुसऱ्या प्रकारासच लावता येईल. पहिला प्रकार नियमनाचा होय. लहान वयासाठी नियमनाचीही गरज असू शकते, हे अर्थातच अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु अठराव्या वर्षी नियमन संपते आणि संयम तेथूनच सुरू व्हावा लागतो. त्याची सवय आधी कोठे लागली, हा प्रश्न उरतोच.

सामूहिक व्यवस्थेतही धोका आहे. आज समजुतीने पाळलेला नियम उद्या धाकाने पाळून घेतला जाऊ शकतो, आणि गावाच्या नजरेखालील संयम गाव सोडताच गळून पडू शकतो. म्हणून नियमाचा उगम कोठे आहे, तो पाळणाऱ्यांच्या सभेत की त्यांच्यावर सत्ता असणाऱ्यांच्या हाती, हे प्रत्येक ठिकाणी पाहिले पाहिजे.

७. पुन्हा मुळशीत : कामाची वेळ आणि घड्याळ

वडगावचा भोंगा हिंजवडीत वाजविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर घड्याळच देते. भारतीय प्रमाणवेळ न्यूयॉर्कच्या वेळेपेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तासांनी व हिवाळ्यात साडेदहा तासांनी पुढे असते. म्हणजे न्यूयॉर्कमधील कार्यालये सकाळी नऊला उघडतात तेव्हा हिंजवडीत सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. ज्या घटकेस वडगावात मोबाइल बंद होतात, त्याच घटकेस अमेरिकी ग्राहकासाठी काम करणाऱ्या अभियंत्याच्या दिवसाचा दुसरा भाग सुरू होतो. त्याच्या घरातील मुलांना अभ्यासास बसविण्याची वेळ हीच असते. मार्च २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाल्याने कार्यालय आणि घर यांमधील भिंतही गेली. अशा मनुष्याने रात्री दहा वाजता मोबाइल हाती घेतला, तर तो सवयीने घेतला, करमणुकीसाठी घेतला की वरिष्ठाच्या भीतीने घेतला, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

यास्तव येथे व्यवस्थेचा प्रश्न कुटुंबाच्या किंवा गावाच्या कक्षेबाहेर जाऊन मालक-नोकर संबंधांच्या कक्षेत येतो. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून किमान पन्नास कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर अशी जबाबदारी टाकली की, कामाच्या वेळेबाहेर निरोपांना उत्तर न देण्याच्या हक्काविषयी त्यांनी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्यात. भारतात या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत प्रथम डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी मांडले. मुळशी तालुका त्यांच्याच बारामती मतदारसंघात मोडतो. ते विधेयक कायद्याचे रूप न घेताच त्या लोकसभेबरोबर संपुष्टात आले. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. खासगी विधेयक संमत होण्याचा प्रसंग भारतीय संसदेत १९७० नंतर आलेला नाही, हे पाहता त्याच्या भवितव्याविषयी फार आशा बाळगता येत नाही. परंतु त्यामागील तत्त्व वडगावच्या भोंग्याहून निराळे नाही. कंपनीने ठरवून दिलेली विश्रांतीची वेळ ही त्या वसाहतीतील भोंग्यासारखीच होय. ती प्रत्येक गटासाठी निरनिराळी असू शकेल. पण ती गटातील सर्वांना, वरिष्ठांसह, एकाच वेळी लागू असली पाहिजे. एकट्या कर्मचाऱ्याने निरोपाला उत्तर दिले नाही तर तो आळशी ठरतो. सर्वांनीच दिले नाही तर ती रीत ठरते.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, संगणकाच्या अतिरेकी वापराला व्यक्तीचे नैतिक दौर्बल्य समजणे हे निदान दृष्ट्या सदोष आणि उपाय दृष्ट्या निष्फळ आहे. ज्याला रोग जडला आहे त्याला उपचार मिळाले पाहिजेत. इतर असंख्यांच्या बाबतीत प्रश्न असा आहे की, मोहाच्या क्षणापूर्वी, शांत मनाने, त्यांनी स्वतःभोवती आणि एकमेकांसाठी कोणती व्यवस्था करून ठेवली आहे. याने व्यक्तीची जबाबदारी कमी होत नाही. ती केवळ अन्य ठिकाणी सरकते. पडद्याकडे जाणारा हात आवरण्याची जबाबदारी थोडी, आणि सभेला जाऊन हात वर करण्याची जबाबदारी अधिक.

संशोधकांच्या दृष्टीने या क्षेत्रात करण्याजोगे काम विपुल आहे. सामूहिक नियम असलेल्या व नसलेल्या गावांतील मुलांची झोप व अभ्यास यांची तुलना. नियमाचा उगम स्त्रियांच्या सभेत असणे व अन्यत्र असणे यांमुळे त्याच्या टिकाऊपणात पडणारा फरक. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील एकाच कंपनीत विश्रांतीची वेळ ठरलेल्या व न ठरलेल्या गटांचा अभ्यास. मोबाइलवरच ज्यांचे पोट आहे त्या चालकांच्या व वाटपकामगारांच्या बाबतीत मिततेचा अर्थ काय, याची पाहणी. यांपैकी कोणत्याही अभ्यासाला परदेशी सामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. एकाच तालुक्यात पडद्यावर जगणारी वसाहत, तिला जागा देणारी गावे आणि तिच्यापासून दूर राहिलेली घाटमाथ्याची वस्ती अशा तिन्ही अवस्था जेथे शेजारी शेजारी आढळतात, ती मुळशी पुण्यापासून फार दूर नाही.